चिंगीच्या मानेतला पंधरा आकडी नंबर

आमची कुत्री चिंगी हरवली त्या रात्री जोराचे वादळ झाले. विजांच्या कडकडाटाला ती लहानपणापासून घाबरते. फाटकाची कडी वाऱ्याने निघाली आणि ती अंगणातून पळाली, एवढेच आम्हाला नंतर कळले. सकाळी फाटकाच्या खालच्या सळईला तिचा गळपट्टा अडकलेला सापडला. त्याला पितळेचा बिल्ला होता आणि बिल्ल्यावर तिचे नाव व आमचा चालू फोन नंबर नीट कोरलेला होता. तो पट्टा हातात घेऊन मी बराच वेळ फाटकापाशी उभी राहिले, कारण तिला शोधून देऊ शकेल अशी प्रत्येक खूण माझ्याच मुठीत राहिली होती.

आधार होता तो एकाच गोष्टीचा. चिंगीच्या मानेत, कातडीखाली, मायक्रोचिप, म्हणजे ओळखीचा नंबर साठवलेली बारीकशी चिप, होती. चिंगी सहा महिन्यांची असताना वंध्यीकरणाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी, भूल उतरण्याआधीच डॉक्टरांनी ती बसवली होती. त्यामुळे कोणी तिला दवाखान्यात किंवा निवारा केंद्रात नेले तर चिप वाचली जाईल आणि आम्हाला फोन येईल, असे मी घरातल्या सर्वांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले. फोन आला, पण अकराव्या दिवशी, आणि तोही माझ्या बहिणीला. चिंगी तिसऱ्या दिवसापासूनच एका निवारा केंद्रात सुखरूप होती. तिथे तिची चिप पहिल्याच दिवशी वाचली गेली होती, नंबरही मिळाला होता. मात्र त्या नंबरासमोर नोंदवलेला आमचा फोन दीड वर्षापूर्वीच बंद झालेला होता. आम्ही घर बदलले, फोन बदलला, बँकेपासून गॅसपर्यंत सर्वांना कळवले आणि चिपची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला कळवायचे तेवढे राहून गेले. केंद्रातल्या ताईंनी रोज तो फोन लावून पाहिला, जुन्या पत्त्यावर पत्रही पाठवले. शेवटी त्यांनी नोंदणी संस्थेकडून चिप बसवणाऱ्या दवाखान्याचे नाव मिळवले. तिथल्या एका जुन्या फाइलमध्ये शस्त्रक्रियेचे संमतीपत्र होते आणि त्यावर ‘आणखी कोणाशी संपर्क साधावा’ या ओळीत माझ्या बहिणीचा नंबर होता.

ते आठ दिवस चिंगीने अनोळखी पिंजऱ्यात काढले, आणि ते माझ्या एका राहून गेलेल्या कामामुळे, ही गोष्ट मला अजून सलते. म्हणूनच मायक्रोचिप म्हणजे काय, ती काय करते आणि काय करू शकत नाही, याविषयी जे मी तेव्हापासून वाचले, डॉक्टरांना विचारले आणि समजून घेतले, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

पहिला आणि सर्वांत पसरलेला गैरसमज असा की चिप बसवली म्हणजे प्राणी कुठे आहे ते मोबाइलवर दिसते. तसे मुळीच नाही. जीपीएसच्या पट्ट्यात बॅटरी असते, उपग्रहांचे संकेत घेणारा भाग असतो आणि मोबाइलच्या जाळ्यावर माहिती पाठवण्याची सोय असते. तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये यातले काहीही मावत नाही. नेहमीची चिप सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड असते. लहान प्राण्यांसाठी सुमारे ८ मिलिमीटर लांबीच्या आणि १.४ मिलिमीटर जाडीच्या चिपाही मिळतात. शरीराला न बाधणाऱ्या काचेच्या बंद नळीत तीनच गोष्टी असतात: फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या गाभ्यावर गुंडाळलेले अतिशय बारीक तांब्याचे वेटोळे, एक धारित्र (कपॅसिटर) आणि नंबर साठवलेली सूक्ष्म चकती. बॅटरी नसल्यामुळे संपण्यासारखे त्यात काही नाही, आणि म्हणूनच ती प्राण्याच्या आयुष्यभर टिकते.

ती बोलते कशी, हे मला फार सुंदर वाटते. चिप वाचणाऱ्या यंत्रात, म्हणजे स्कॅनरमध्येही, एक वेटोळे असते आणि बटण दाबले की त्याच्याभोवती वेगाने दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. स्कॅनर चिपजवळ आला की त्या क्षेत्रामुळे चिपमधल्या वेटोळ्यात क्षीणसा विद्युतप्रवाह निर्माण होतो, आणि तेवढ्या ऊर्जेवर चिप जागी होऊन आपला नंबर परत पाठवते. स्कॅनर दूर गेला की ती पुन्हा निपचित पडते. वर्षभरात एखाद-दुसऱ्या वेळी काही क्षण जागे व्हायचे आणि बाकी सगळा काळ कातडीखाली गप्प राहायचे, असे तिचे आयुष्य आहे. हाताने धरायच्या साध्या स्कॅनरला ती काही सेंटिमीटर अंतरावरूनच ऐकू येते. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही आपल्या कुत्र्याची माहिती दुरून चोरता येईल, ही भीतीही निराधार आहे. शिवाय चोरण्यासारखी माहिती तिच्यात नसतेच. नाव नाही, पत्ता नाही, लशींच्या तारखा नाहीत. असतो तो एक नंबर.

हा नंबर पंधरा आकडी असतो. त्याची रचना आयएसओ ११७८४ या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिली आहे, आणि चिप व स्कॅनर यांनी एकमेकांशी कसे बोलायचे ते आयएसओ ११७८५ मध्ये सांगितले आहे. दोन्ही मानके १९९६ सालची आहेत आणि त्यांनी ठरवलेली वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) १३४.२ किलोहर्ट्झ आहे. पहिले तीन आकडे देशाचे असतात किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे. ९०० आणि त्यापुढचे आकडे कंपन्यांसाठी राखून ठेवलेले आहेत आणि त्यांचे वाटप आयसीएआर ही प्राण्यांच्या नोंदींविषयी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था करते. उरलेले बारा आकडे त्या एका प्राण्याचे. मानकात या भागासाठी ३८ बिट दिलेले असल्यामुळे एकेका देशाच्या किंवा कंपनीच्या आकड्यामागे २७ हजार कोटींहून अधिक नंबर होऊ शकतात. म्हणजे नंबर संपतील किंवा दोन कुत्र्यांना एकच नंबर मिळेल, ही चिंता करण्याचे कारण उरत नाही.

अडचण येते ती या मानकाबाहेरच्या चिपांची. १२५ आणि १२८ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या चिपा, विशेषतः अमेरिकेत, वर्षानुवर्षे बसवल्या गेल्या, आणि एकाच वारंवारितेचा स्कॅनर दुसरी चिप वाचत नाही. प्राण्याच्या मानेत चिप असते, स्कॅनरही फिरवला जातो, आणि तरीही ‘चिप नाही’ असा निष्कर्ष निघतो. सर्व वारंवारिता वाचणारे स्कॅनर आता मिळतात, आणि निवारा केंद्रांनी तेच वापरावेत हे माझे ठाम मत आहे. आपण मात्र नवी चिप बसवताना ती १३४.२ किलोहर्ट्झची, आयएसओ मानकाचीच आहे ना, हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

बसवण्याची क्रिया काही क्षणांची असते. निर्जंतुक वेष्टनात, जाडसर सुईत आधीच भरलेली चिप येते. डॉक्टर प्रथम स्कॅनर फिरवून प्राण्याच्या अंगात आधीची एखादी चिप नाही ना हे पाहतात, मग वेष्टनातली नवी चिप वाचून तिचा नंबर स्टिकरवरच्या नंबराशी जुळवतात. त्यानंतर दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीवरची कातडी चिमटीत उचलून सुई आत सरकवतात आणि दट्ट्या दाबतात. अनेक युरोपीय देशांत ती मानेच्या डाव्या बाजूला बसवतात. घोड्याच्या बाबतीत मानेच्या डाव्या बाजूला आयाळीखालच्या स्नायुबंधात आणि पोपटासारख्या पक्ष्यांच्या बाबतीत छातीच्या स्नायूत ती बसवण्याची पद्धत आहे. सुई लशीच्या सुईपेक्षा जाड असते, त्यामुळे ती अजिबात दुखत नाही असे मी म्हणणार नाही. पण जागेपणी चिप बसवलेली बरीच कुत्री मी दवाखान्यात पाहिली आहेत, आणि बहुतेकांनी एकदा अंग आकसले व पुढच्या क्षणी ती डॉक्टरांच्या हातातला खाऊ हुंगू लागली. भुलेची गरज नसते. चिंगीची चिप शस्त्रक्रियेबरोबर बसवली ती केवळ सोयीसाठी.

वेष्टनाबरोबर बारकोडचे काही स्टिकर येतात. त्यांतला एक लसीकरण पुस्तिकेवर, एक दवाखान्याच्या नोंदवहीत आणि एक नोंदणीच्या अर्जावर लावला जातो. या स्टिकरांकडे मी पूर्वी कधी लक्ष दिले नव्हते. चिंगी सापडली त्या दिवशी दवाखान्यात तिची जुनी फाइल माझ्यासमोर उघडली, तेव्हा पिवळ्या पडलेल्या संमतीपत्राच्या कोपऱ्यात कडा थोड्या सुटलेला तो पांढरा स्टिकर होता. त्याच्याखाली तिथल्या मदतनीस मुलीने निळ्या शाईत ‘चिंगी, तांबूस, डावा कान किंचित दुमडलेला’ असे लिहून ठेवले होते आणि त्याखाली बहिणीचा नंबर होता. चिंगी घरी आली ती त्या निळ्या शाईच्या ओळीमुळे.

चिपचा उपयोग किती होतो, याविषयीचा सर्वांत परिचित अभ्यास डॉ. लिंडा लॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. तो २००९ साली अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या २३ राज्यांमधल्या ५३ निवारा केंद्रांत आलेल्या ७,७०४ चिप असलेल्या प्राण्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. केंद्रांत आलेल्या एकूण भटक्या कुत्र्यांपैकी २१.९ टक्के कुत्री मालकाकडे परत गेली होती. चिप असलेल्यांमध्ये हे प्रमाण ५२.२ टक्के होते. मांजरांच्या बाबतीतला फरक त्याहून मोठा आहे: एकूण मांजरांपैकी जेमतेम १.८ टक्के आणि चिप असलेल्यांपैकी ३८.५ टक्के. मांजर गळ्यात पट्टा ठेवू देत नाही, ती फार भटकते, आणि हरवलेली मांजर ‘येईल आपोआप’ म्हणून तिचा शोधही उशिरा सुरू होतो. म्हणून मांजर पाळणाऱ्यांनी हे आकडे अधिक गांभीर्याने पाहावेत असे मला वाटते. अर्थात हा सगळा फरक एकट्या चिपमुळे पडला, असे म्हणणे बरोबर होणार नाही. चिप बसवण्याची काळजी घेणारा माणूस प्राण्याचा शोधही अधिक नेटाने घेतो, हे त्यात धरले पाहिजे.

मला त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक लागला. चिप असूनही ज्यांचे मालक सापडले नाहीत, त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठे कारण चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर हे होते, आणि त्याचे प्रमाण ३५.४ टक्के होते. मी तो आकडा वाचला तेव्हा चिंगी माझ्या पायाशी झोपली होती. ज्या प्राण्यांची ही टक्केवारी आहे, त्यांच्या संमतीपत्रावर कोणा बहिणीचा नंबर नव्हता.

यावरून चिपइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व नोंदणीला आहे हे लक्षात येईल. चिप बसवणे आणि तिची नोंदणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दवाखान्यात चिप बसली म्हणजे नोंदणीही झाली असे गृहीत धरून लोक घरी जातात. प्रत्यक्षात काही ठिकाणी दवाखाना ती करतो आणि काही ठिकाणी ती आपल्यावर सोपवलेली असते. नोंद नसलेला नंबर हा मालकाचे नाव नसलेल्या किल्लीसारखा आहे. तो सापडणाऱ्याच्या हातात असतो, पण कोणत्या दाराचा ते कळत नाही. नोंद करताना किमान दोन फोन नंबर द्यावेत आणि त्यातला एक वेगळ्या घरात राहणाऱ्या माणसाचा असावा. प्राणी दुसऱ्या कोणाकडे दिला, तर नोंदही त्यांच्या नावावर करून द्यावी. अन्यथा हरवलेल्या कुत्र्याविषयी फोन येतो तो ज्यांनी ते कुत्रे चार वर्षांपूर्वी देऊन टाकले त्यांना, आणि ज्यांच्या घरी त्याची वाटी रिकामी पडली आहे त्यांना काहीच कळत नाही. नोंदणी ठेवणाऱ्या संस्था अनेक आहेत आणि त्यांच्या नोंदी एका जागी नसतात. नंबर कोणत्या संस्थेकडे नोंदलेला आहे ते शोधून देणारी संकेतस्थळे आहेत. आपल्या प्राण्याचा नंबर तिथे स्वतः टाकून पाहावा आणि काय उत्तर येते ते तपासावे.

स्कॅनर फिरवण्याचेही एक शास्त्र आहे, आणि ते घाईत असलेल्या माणसाच्या हातून बिघडते. चिपमधले वेटोळे स्कॅनरशी कोणत्या कोनात आहे यावर ती वाचली जाणे अवलंबून असते. म्हणून स्कॅनर अंगाला जवळजवळ टेकवून, अगदी सावकाश, नागमोडी वळणे घेत खांद्यांपासून फिरवायचा, मग मानेच्या दोन्ही बाजूंनी, पाठीवरून आणि पुढच्या पायांच्या कोपरापर्यंत न्यायचा, आणि नंतर तो आडवा धरून पुन्हा तेच करायचे. धातूचा पट्टा आधी काढायचा. धातूचे टेबल, संगणकाचा पडदा किंवा ट्यूबलाइट अगदी जवळ असेल तर तिथून दूर जायचे. लठ्ठ प्राण्यांत चिप सापडणे अधिक कठीण जाते. एकदा काही सापडले नाही तर पुन्हा पाहायचे. चिंगीला सांभाळणाऱ्या केंद्रात प्राणी आल्यावर, दुसऱ्या दिवशी, आणि नव्या घरी देण्याआधी असे तीनदा स्कॅन करण्याचा शिरस्ता आहे, आणि त्यांचे मी मनापासून आभार मानते.

धोक्यांविषयी प्रामाणिकपणे लिहायचे तर ते आहेत, पण थोडे आहेत. बसवल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत चिप सुईच्या छिद्रातून क्वचित बाहेर पडू शकते. ती कातडीखाली सरकू शकते. सरकू नये म्हणून काही चिपांवर ऊतींना धरून राहणारे आवरण असते. एखादी चिप बंदही पडते. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये चिपभोवती गाठी झाल्याचे अभ्यास आहेत, आणि ते वाचून मीही घाबरले होते. मात्र जगभर लाखो कुत्र्यामांजरांना चिपा बसवलेल्या असताना त्यांच्यात अशा गाठींची उदाहरणे तुरळकच नोंदली गेली आहेत. हरवलेला प्राणी परत न मिळण्याची शक्यता याहून कितीतरी मोठी आहे, असे माझ्यासमोरचे गणित होते आणि ते आजही बदललेले नाही.

अनेक देशांनी हा निर्णय मालकांच्या मर्जीवर ठेवलेला नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स इथे ६ एप्रिल २०१६ पासून आठ आठवड्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला चिप सक्तीची आहे, आणि इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांवरच्या मांजरांनाही ती सक्तीची झाली. तिथल्या कायद्यातली मला सर्वाधिक पटलेली गोष्ट ही की माहिती अद्ययावत ठेवणे हाही त्या सक्तीचाच भाग आहे. जपानमध्ये १ जून २०२२ पासून कुत्री आणि मांजरे विकणाऱ्यांना विक्रीआधी चिप बसवावी लागते.

प्राण्याला घेऊन परदेशी जाणाऱ्यांनी क्रमाकडे विशेष लक्ष द्यावे. युरोपीय संघात नेताना चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, असा नियम आहे. चिप बसण्यापूर्वी दिलेली लस धरली जात नाही, कारण लस नेमकी याच प्राण्याला दिली हे सिद्ध करण्याचे साधन त्या दिवशी नव्हते. एका परिचितांच्या मांजराची लस वेळेवर झाली होती, चिप मात्र महिन्याने बसवली गेली, आणि प्रवासाची सगळी तयारी झाल्यावर त्यांना लसीपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. जुन्या काळी कानात गोंदवलेला नंबर चालत असे. आता तो ३ जुलै २०११ पूर्वी गोंदवलेला आणि स्पष्ट वाचता येणारा असेल तरच चालतो.

गळपट्टा मात्र काढून ठेवू नये. रस्त्यात कुत्रे सापडलेल्या शेजाऱ्याकडे स्कॅनर नसतो. त्याला बिल्ल्यावरचा नंबरच दिसतो आणि दहा मिनिटांत प्राणी घरी येतो.

मागच्या महिन्यात चिंगीला वार्षिक लशीसाठी नेले, तेव्हा लस टोचण्याआधी मी डॉक्टरांना तिची चिप वाचायला सांगितली. त्यांनी खांद्यांच्या मध्ये स्कॅनर फिरवला. काही आवाज आला नाही. दुसऱ्यांदा फिरवला, तरी नाही. माझ्या तळहाताला घाम सुटला होता. मग त्यांनी स्कॅनर डावीकडे, खांद्यावरून खाली पायाच्या दिशेने हळूहळू नेला आणि कोपराच्या वर बोटभर अंतरावर तो वाजला. पडद्यावरचे पंधरा आकडे मी पुस्तिकेतल्या स्टिकरशी एकेक करून जुळवून पाहिले. डॉक्टरांनी पुस्तिका मागून घेतली आणि स्टिकरच्या शेजारी लिहिले: ‘चिप सरकली आहे. डाव्या कोपराच्या वर शोधावी.’ घरी आल्यावर तीच ओळ मी नोंदणीच्या पानावरही भरली, आणि दोन्ही फोन नंबर तिथे बरोबर आहेत ना ते पाहिले.